नखाखालचं हिरवं

कूलरच्या ताट्या बदलायला माणूस आला की अमरावतीत उन्हाळा लागला असं समजायचं, पंचांग काहीही म्हणो. मागच्या आठवड्यात तो आला. जुन्या ताट्यांचं काळं पडलेलं गवत त्यानं अंगणात झटकलं, नव्या बसवल्या, पंप चालू करून पाहिला आणि घरभर ओल्या गवताचा वास सुटला. या वासानं लोकांना बरं वाटतं. मलाही वाटायचं. आता तो वास आला की मी उठून दारातल्या शिरीषापाशी जाते आणि अंगठ्याच्या नखानं त्याची साल जराशी खरवडते. झाड बोडकं असतं. एक पान नाही, नुसत्या वाळक्या शेंगा वाजत असतात. सालीखाली हिरवं दिसतं. दरवर्षी दिसतं. तरी सहा वर्षं झाली, दर चैत्रात मी पाहते. घरातले म्हणतात, हिला चैत्र लागला.

म्हणोत बापडे.

मी बागा आखते. आखायची, असं म्हणणं जास्त खरं. कुणी विचारलं काय करता, तर मी सांगायची, बागा आखते. समोरचा म्हणे, म्हणजे झाडं लावता? मी म्हणे, झाडं दुसरे लावतात, कुठलं झाड कुठं आणि का, ते मी सांगते. मग तो "असं होय" म्हणून कापसाच्या भावावर घसरे. आमच्याकडे बाग ही आखायची गोष्ट आहे, हे पटायलाच माणसाचं अर्धं आयुष्य जातं. माझं गेलं.

आणि आपल्या सार्वजनिक बागा तरी कशा? मधोमध कारंजं, भोवती हिरवळ, कडेनं छाटलेली मेंदी, कोपऱ्यात सिमेंटचा जिराफ आणि फाटकावर पाटी: दुपारी बारा ते चार बंद. अरे, वऱ्हाडात माणसाला सावली लागते ती बारा ते चारच! सकाळी सहाच्या सावलीचं काय लोणचं घालायचं? आमच्या सगळ्या बागा डिसेंबरातल्या संध्याकाळसाठी केलेल्या असतात. त्या संध्याकाळी माणसं स्वेटर घालून येतात, भेळ खातात, फोटो काढतात आणि जातात. वैशाखात तीच हिरवळ टँकरचं पाणी पिऊन पिवळी ती पिवळीच राहते. मला याचा राग येई. अजून येतो. राग माझ्या स्वभावातच आहे, त्याला माझा इलाज नाही.

म्हणून अकोल्याच्या एका वस्तीतल्या लोकांनी मला बोलावलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात गेले. कापसाच्या जुन्या गोदामामागची मोकळी जागा होती ती, अजून तिथल्या भिंतींना सरकीचा वास येई. वस्तीची एक समिती होती. तिचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर, पांढरा शर्ट, अतिशय सभ्य माणूस. ते म्हणाले, "ताई, बाराही महिने फुललेली बाग पाहिजे." मी म्हटलं, देते. पलीकडे एक मोठा दवाखाना होता. पेशंटसोबत खेड्यातून आलेली माणसं दुपारी आमच्या त्या गोदामाच्या भिंतीला टेकून बसत. भिंतीची सावली हातभर. ती सरके तशी तीही सरकत, पाय पोटाशी घेऊन. एका बाईच्या मांडीवर तान्हं पोर होतं आणि तिनं स्वतः उन्हात बसून सावली त्याला दिली होती. बाग कुणासाठी करायची, हे मला त्या दिवशी कळलं.

वऱ्हाडात जी बाग वैशाखात पास झाली ती बाकीच्या अकरा महिन्यांत आपोआप पास होते. हे माझं गणित. त्यामुळे हिरवळ नाही, कारंजं नाही. बाहेरून कडुनिंब आणि करंज यांचं कडं, कारण करंजाची कोवळी पानं नेमकी भर उन्हाळ्यात येतात आणि त्याखाली रांजण ठेवला तर पाणी चारपर्यंत गार राहतं. आत अकरा बहावे, बाकांच्या दोन्ही अंगांनी. पश्चिमेला पळस, काटेसावर, पांगारा. श्रावणासाठी तेरडा, तो आपला आपण उगवतो. गोदामाच्या टिनावरचं पावसाचं पाणी खड्ड्यांत मुरवायचं आणि प्रत्येक रोपाशेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यातून पाझरू द्यायचं. एकेका महिन्याला मी एकेक झाड नेमून दिलं होतं. नकाशा इतका सुंदर झाला होता की मी तो दोन दिवस जेवणाच्या टेबलावरून उचललाच नाही.

एकच अडचण होती, ती मी सगळ्यांना सांगितली आणि कुणीच नीट ऐकली नाही. उन्हाळ्यात फुलणारी ही झाडं त्याआधी पानं टाकतात. फाल्गुनापासून ती उघडी होतात, काटक्या होतात. तेवढे दोन महिने बाग पाहायला नकोशी असते. ती तिची तयारी असते.

हे ज्याला सांगावं लागलं नाही असा एकच माणूस तिथं होता. दामोदरभाऊ. समितीनं ठेवलेले माळी. शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या बागांत त्यांची उभी हयात गेली होती, म्हातारपणी मुलाकडे अकोल्याला आले होते. महानुभाव पंथाचे, उपदेश घेतलेले, जिवाची हिंसा कटाक्षानं टाळणारे. भेटल्यावर नमस्कार नाही, "दंडवत" म्हणायचे. माणसाला म्हणत, झाडालाही म्हणत. कात्री लावायच्या आधी तर म्हणतच. मी नकाशा उलगडून समजावायला लागले तर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समजलं जी. संत्र्याले नाई का आपुन ताण देत? पानी तोडा, पानं गळू द्या, मंग पाह्य कसा बार फुटते. ह्या झाडाईचा ताण देवानंच ठरवेल हाय." संपला विषय. माझ्या आठ पानांचा मजकूर त्यांनी तीन वाक्यांत गुंडाळला.

पहिल्या फाल्गुनात मात्र मीच घाबरले. पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपण लावलेले अकरा बहावे रांगेनं काटक्या होऊन उभे दिसणं वेगळं. मी म्हटलं, "भाऊ, मेले हो सगळे." ते हसले. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं, तेवढंच एक. मला वाटायचं शौक असेल. त्यांनी ते नख बहाव्याच्या सालीला लावलं, तांदळाएवढा तुकडा खरवडला आणि म्हणाले, "पाहा." खाली ओलं हिरवं. "मेलं नाई ताई, झोपून राह्यलं. तुमी काहून भेता?" मग ते एकेका झाडापाशी गेले, नख लावलं, दंडवत म्हणाले, पुढच्याकडे गेले. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दर आठवड्याला त्यांचा हा फेरा. जे खरंच वाळलेलं निघे ते स्वतःच्या हातानं काढत आणि त्या दिवशी कुणाशी फारसं बोलत नसत.

मला ते नख इतकं आवडलं की मी ते बागेच्या व्यवस्थेत धरूनच टाकलं. आणि कागदावर कुठंही लिहिलं नाही. काय लिहिणार? माळ्याने नख वाढवावे?

त्यांची एक थोरली बहीण होती, बडनेऱ्याला राहायची. यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावरही ती तिथंच राहिली. दामोदरभाऊ तिला नुसतं "बाई" म्हणत. दर चैत्रात ही दोघं भावंडं मिळून रिद्धपूरला, त्यांच्या पंथाच्या तीर्थाला, जात. भाऊ अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला येणार, बाई फलाटावर गाठोडं घेऊन उभी असणार, तिथून दोघं पुढं. लहानपणी आईबापांसोबत सुरू झालेला नेम, एकही वर्ष चुकला नव्हता. वर्षाला चार दिवस. बाकी तीनशे एकसष्ट दिवस माणूस बागेत.

मी अमरावतीची, अकोल्याला जायचं तर मीही बडनेऱ्यालाच गाडी धरायची. अशीच एकदा चैत्रात फलाटावर एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावर, कनवटीला उन्हाचा उतारा म्हणून कांदा बांधलेला. माझ्या काखेतली नकाशाची गुंडाळी आणि मला आपादमस्तक पाहून म्हणाली, "तुमीच का थ्या बागवाल्या ताई? माह्या भावाले निरा येडं केलं बाप्पा तुमी. फोन करते तं तब्येत नाई इचारत, म्हन्ते पयसाले कयी आली. आता मी का पयसाची मावशी हाय?" मी हसत सुटले. पळसाला वऱ्हाडात पयस म्हणतात आणि कळीला कयी. तिच्या तोंडून ते ऐकताना वाटलं, हिच्याकडे राहायला जावं चार दिवस. भावाची गाडी आली तशी ती लगबगीनं निघाली. जाता जाता म्हणाली, "पिवळं झुंबर लटकते म्हन्ते थो. लटकलं की मले दाखोजा. मरायच्या आधी लटकवा म्हना."

झुंबर म्हणजे बहाव्याचा घोस. चौथ्या वर्षी तो लटकायची चिन्हं दिसली. फाल्गुनात दामोदरभाऊंनी एका बहाव्याच्या काटकीवर मला बोट ठेवून दाखवलं. माझ्या चष्म्याला काही दिसेना. "हाय जी तिथं. यंदा लागते. रिद्धपूरहून येतानी बाईले संगंच घेऊन येतो. महिनाभर ठेवून घेतो, फुलल्याबिगर जाऊच देत नाई." मी इतकी खूश झाले की घरी येऊन शिरा केला. आमच्या घरी कारणाशिवाय शिरा होत नाही.

त्या चैत्राकडे आता मागं वळून पाहते तेव्हा काय काय आठवतं! कैऱ्या किसताना हाताला झोंबणारा चीक. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांवर अंथरलेलं जुनं लुगडं. दुपारी रस्ता असा रिकामा की कुत्रंसुद्धा गटाराच्या ओलीत पोट टेकून पडलेलं. मला ताप होता. ऊन लागलं होतं, मी आडवी होते, कपाळावर कांद्याचा रस. अध्यक्षांचा फोन आला. आवाज अगदी आनंदी. "ताई, बाग स्वच्छ झाली बरं का. निरा स्मशान दिसून राह्यलं होतं. लोकं नावं ठेवत होते. आता या पाहायला." मी विचारलं, "स्वच्छ म्हणजे?" ते म्हणाले, "तुमच्याच कागदाप्रमाणं केलं. कलम बारा."

कलम बारा. बाग सोपवताना देखभालीच्या सूचनांचा एक कागद द्यायचा असतो. तो मी एका संध्याकाळी बसून लिहिला होता. खरं सांगायचं तर निम्मा लिहिला आणि निम्मा माझ्याच एका जुन्या कागदावरून उतरवला. ती गुलाबाची आणि हिरवळीची बाग होती. कलम बारा: उन्हाळ्याच्या तोंडावर वाळलेली झाडे मुळासकट काढून टाकावीत. गुलाबाच्या बागेत हे वाक्य शहाणपणाचं आहे. माझ्या बागेत ते माझ्या हातून गेलं आणि मला काही वाटलंही नाही, कारण वाळलेलं कोणतं हे ठरवायला दामोदरभाऊंचं नख होतं. नख चार दिवस रिद्धपूरला गेलं होतं. कागद मात्र कपाटातच होता.

दुसऱ्या दिवशी ताप अंगावर घेऊन मी गेले. जेसीबीनं दोन तासांत काम उरकलं होतं. बहावे, पळस, काटेसावर, पांगारा, जे जे उघडं होतं ते सगळं मुळांसकट उपटून भिंतीशी रचलं होतं. पुरलेली मडकी फुटून खापऱ्या झाल्या होत्या. नुकतीच पालवी आलेले कडुनिंब आणि करंज तेवढे ठेवले होते, हिरवे होते ना. काळी माती उलटीपालटी पडली होती आणि वर ऊन. दवाखान्यातली माणसं नेहमीच्या जागी, भिंतीच्या हातभर सावलीत. आता त्यांच्या शेजारी माझी झाडं आडवी पडली होती, एवढाच फरक.

दामोदरभाऊ त्याच दिवशी परत आले. एकटेच. बाई दोन दिवस घर आवरून मागून येणार होती. गाठोडं खांद्यावर तसंच ठेवून ते त्या ढिगापाशी गेले. मला वाटलं, रडतील, ओरडतील. ते खाली बसले आणि पहिल्या खोडाला नख लावलं. "हिरवं हाय." दुसऱ्याला लावलं. "हे बी हिरवं हाय." असे ते अकराच्या अकरा बहाव्यांपाशी गेले, मग पळसापाशी, मग पांगाऱ्यापाशी. आवाज चढला नाही की उतरला नाही. मी आणि अध्यक्ष मागं उभे होतो. मला ओरडावंसं वाटत होतं, पुरे करा हो, पुरे.  शेवटचं खोड झाल्यावर ते वळले आणि म्हणाले, "कोनं सांगतलं हे?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पडलेल्या करंजाच्या एका शेंगेकडे पाहत राहिले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "समितीचा निर्णय होता तो." मी सांगितलं ना, सभ्य माणूस होता. त्यानं मला झाकलं आणि मी झाकून घेतलं. त्या क्षणी मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही.

दोन बहावे दामोदरभाऊंनी पुन्हा लावून पाहिले. वर गोणपाट बांधलं, सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. वैशाखात नख लावलं तर आत तपकिरी. मग त्यांनी काम सोडलं. बाईला येऊ नको म्हणून कळवलं असेल, मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी तिथं फरशी बसली, तिच्यावर प्लॅस्टिकची हिरवळ आली. ती बाराही महिने हिरवी असते, तेव्हा अध्यक्षांना मी जे कबूल केलं होतं ते कुणीतरी पुरं केलं म्हणायचं. मे महिन्यात तिच्यावर अनवाणी पाय ठेवून पाहा. फाटकावर पाटी आहे: दुपारी बारा ते चार बंद.

त्यानंतर मी कुठली बाग आखली नाही असं नाही. दोन-चार आखल्या. बंगल्यांच्या. पैसेवाल्यांना पळस नको असतो, पाम हवा असतो. मी पाम दिले. यंदा मात्र अमरावतीतल्याच एका वस्तीची माणसं दारात आली. ताई, बाराही महिन्यांची बाग पाहिजे. त्यांचे ते उत्साही चेहरे पाहून मला हसू आलं आणि पाठोपाठ धडकी भरली. नकाशा झाला. देखभालीचा कागद लिहायला बसले, अकरा कलमं झाली, आणि बाराव्याला हात चालेना. त्याच दिवशी कूलरवाला आला होता. घरभर तो वास. स्वतःलाच म्हटलं, आधी दामोदरभाऊंना जाऊन खरं सांग, मग कागद लिही.

परवा अकोल्याला गेले. दामोदरभाऊ मुलाच्या घरी कूलरसमोर खाटेवर बसले होते. खूप वाळलेत. "दंडवत ताई," म्हणाले. आवाजावरून ओळखलं असावं, डोळे अधू झालेत. डाव्या अंगठ्याचं नख बाकीच्या नखांसारखंच कापलेलं होतं. सुनेनं चहा आणून ठेवला. मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "बाई कशा आहेत?"

"बाई गेली जी. दोन वर्सं झाले."

मी म्हटलं, "रिद्धपूरला असेल ना तुमचं जाणं अजून?"

"मी कुठी जातो? थ्या सालापासून सोडलं." ते कूलरकडे तोंड करून बोलत होते. "मी गेलो म्हनून तं झालं थे. जिवंत झाडं माह्या भरोशावर होते. मी असतो तं नख लावून दाखोलं असतं, थांबा म्हनलं असतं. एवढी हिंसा झाली थे माह्या नावावर. मंग कोन्त्या तोंडानं देवापुढं जाऊ? बाई दरवर्सी फोन करे. ये रे दामू, मी बडनेऱ्याले उभी राह्यतो. मी म्हनो, नाई बाई, माह्यानं चुकलं. चार वर्सं एकटीच गेली थे. गाठोडं घेऊन. आखरीच्या वर्सी तं तिले चालनं होत नोतं."

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. कलम बारा, जुन्या कागदावरून उतरवणं, माझी सही, अध्यक्षांनी झाकणं, मी शेंगेकडे पाहणं. सांगताना माझा आवाज चिरकत होता आणि मध्येच मी स्वतःवरच चिडून बोलत होते, माझी जुनी खोड. 

"म्हंजे कागद होता," ते म्हणाले.

"हो."

"तुमच्या सहीचा."

"हो भाऊ."

"मंग मी तिथं असतो तरी त्याईनं मले कागद दाखोला असता. आन् मले वाचता येत नाई." त्यांनी डाव्या अंगठ्यावरून उजवा अंगठा फिरवला. "कागदापुढं माह्यं नख कोन पाह्यते?"

मी मान हलवली. त्यांना दिसली नसेल.

 मी क्षमेचे शब्द जुळवत होते. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. राग नव्हता. खरंच काही समजत नसलं की माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं,

"मंग चार वर्सं मी बाईसंगं काहून गेलो नाई जी?"

चहावर साय धरली होती. मी तिच्याकडे पाहत बसले.